गॅस निघून गेला, स्लरीचे काय? बुटीबोरीच्या मातीसाठी काही प्रश्न

नागपूरहून वर्धा रोडने साधारण तीस किलोमीटर गेले की बुटीबोरी लागते. एका बाजूला एमआयडीसीचे दूरवर पसरलेले कारखाने, दुसऱ्या बाजूला पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीनची काळी शेते. मधल्या वस्त्यांमध्ये कारखान्यांत राबणारे इथले आणि बाहेरून आलेले कामगार राहतात. ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली, खानावळी वाढल्या, भाड्याच्या खोल्या वाढल्या आणि त्यांच्याबरोबर रोजचा ओला कचराही वाढला.

ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवण्याची चर्चा सध्या सगळीकडे आहे. केंद्र सरकारची 'सतत' योजना ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली. नागपुरात भांडेवाडीला कचऱ्यापासून गॅस तयार करण्याचे मोठे काम महापालिकेने नेदरलँड्सच्या एका कंपनीकडे सोपवले आहे. या सगळ्या बातम्यांत गॅस किती निघणार आणि त्यावर गाड्या किती धावणार, याचेच आकडे असतात. पण टाकीत गेलेल्या कचऱ्याचा मोठा भाग गॅस होतच नाही. तो स्लरी होऊन बाहेर येतो. ही स्लरी नीट पिकवली तर मातीला बळ देते. तशीच सोडली किंवा भेसळीच्या कचऱ्यापासून बनवली, तर शेत आणि नाला दोन्ही बिघडवते. आपल्या भागातला प्रकल्प छोटा असो की मोठा, चालू असो की होऊ घातलेला, त्याची खरी परीक्षा गॅसच्या मीटरवर होत नाही. ती टाकीतून बाहेर येणाऱ्या मालावर होते. म्हणून हा विषय कार्यकर्त्यांनी मुळापासून समजून घेतला पाहिजे.

टाकीत काय घडते?

गावाकडे गोबर गॅस सगळ्यांनी पाहिलेला असतो. तत्त्व तेच आहे. हवाबंद टाकीत ऑक्सिजन नसतो. तिथे जगणारे जिवाणू अन्नपदार्थ टप्प्याटप्प्याने फोडतात. आधी पिठूळ आणि तेलकट भाग विरघळतो, मग त्याची आम्ले बनतात आणि शेवटी आम्लांपासून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बायोगॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो.

भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले 'निसर्गऋण' तंत्रज्ञान याच पठडीतले आहे. त्यात मुख्य टाकीआधी एक वेगळी टाकी असते. गरम पाणी आणि हवा यांच्या मदतीने तिथे कचरा आधीच मऊ केला जातो. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथून कचरा वाहून खाली नेणेच अवघड, तिथे हा प्रकल्प उभारला गेला.

आता वजनाचा हिशेब पाहू. एक टन स्वच्छ ओला कचरा घेतला आणि त्यात एक टन पाणी मिसळून टाकीत सोडला. त्यातून सुमारे १०० घनमीटर गॅस मिळतो. घरगुती सिलिंडरच्या भाषेत सांगायचे तर साधारण तीन सिलिंडर. या गॅसचे वजन मात्र जेमतेम ११५ ते १२० किलो भरते. म्हणजे दोन टन माल आत गेला आणि जवळजवळ १९०० किलो परत बाहेर आला. त्यात कोरडा भाग दीडशे किलोच्या आतबाहेर, बाकी सगळे पाणी. रोज पाच टन ओला कचरा घेणाऱ्या प्रकल्पातून रोज नऊ टनांहून जास्त स्लरी निघेल. तिची सोय नसेल तर ती रात्री जवळच्या नाल्यातच जाणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. यातले पाणी गाळून पुन्हा टाकीसाठी वापरता येते. चांगले प्रकल्प तसे करतात.

ताजी स्लरी म्हणजे खत नव्हे

कचऱ्यातला कार्बन गॅस होऊन उडून जातो, पण नत्र, स्फुरद आणि पालाश मागेच राहतात. त्यामुळे स्लरी 'ताकदीची' असते. अडचण त्या ताकदीच्या रूपात आहे.

पहिली गोष्ट, स्लरीतल्या नत्राचा मोठा भाग अमोनियाच्या रूपात असतो. स्लरी उघड्या उन्हात पसरली की तो हवेत उडून जातो. पिकाला मिळत नाही आणि वास मात्र गावभर होतो. कोवळ्या रोपांवर ती जास्त पडली तर पाने करपतात. दुसरी गोष्ट, कचरा पुरता पचलेला नसेल तर त्यात आम्ले शिल्लक राहतात. ती बियांची उगवण रोखतात. तिसरी गोष्ट, बहुतेक टाक्या ३५ ते ४० अंश तापमानावर चालतात. एवढ्या उष्णतेत सगळे रोगजंतू आणि तणांचे बी मरत नाही. चौथी गोष्ट मीठ. आपल्या स्वयंपाकातले मीठ स्लरीत उतरते. आपल्या काळ्या मातीत पाण्याचा निचरा मुळातच संथ, त्यामुळे क्षार साचत जातात.

म्हणून स्लरीतला घन भाग वेगळा काढून त्याचे हवेवर कंपोस्ट करावे लागते. गॅसची टाकी ही अर्धी वाट आहे, उरलेली अर्धी वाट ढिगात पार पडते. गाळलेला घन भाग ओला आणि चिकट असतो. त्यात हवा खेळावी म्हणून कोरडा, काडीचा माल मिसळावा लागतो. हा माल आपल्याकडे भरपूर आहे: बारीक केलेली पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचे कुटार, झाडांचा पाला. हंगाम संपल्यावर यातले पुष्कळ धुऱ्यावर जाळले जाते. ते जाळण्याऐवजी यंत्राने बारीक करून ढिगात घातले तर दोन प्रश्न एकदम सुटतात.

ढीग नीट लागला तर काही दिवसांत आत ५५ अंशांच्या वर तापतो. ही उष्णता पंधरा दिवस टिकली आणि त्या काळात ढीग पाच वेळा पलटवला, तर रोगजंतू आणि तणांचे बी मरते. त्यानंतर ढीग हळूहळू थंड होतो आणि मुरतो. सगळे मिळून दीड ते दोन महिने लागतात. घाई केली की कच्चे खत शेतात जाते आणि पुढच्या वर्षी शेतकरी दारात उभे करत नाही.

जागेचा मुद्दाही इथेच येतो. कचरा वर्षाचे ३६५ दिवस येतो, पण कोरडवाहू शेतकरी खत पसरवतो ते मुख्यतः उन्हाळ्याच्या शेवटी, पेरणीआधी. म्हणजे कित्येक महिन्यांचे खत साठवावे लागते. नागपूर भागात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. वर पत्रे नसतील तर ढिगातला काळा पाझर वाहून जातो आणि त्याबरोबर खताची ताकदही. प्रकल्पाच्या आराखड्यात गॅसची टाकी ठळक असते आणि साठवणुकीची शेड शोधावी लागते. ती शोधा.

काळ्या मातीला काय मिळते?

विदर्भाच्या काळ्या मातीत चिकण भरपूर, पण सेंद्रिय कार्बन अनेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या खाली. अशी माती पावसात चिखल होते आणि उन्हात भेगाळते. कंपोस्टमुळे मातीचे कण रवाळ होतात, हवा खेळते, पाणी मुरते आणि जास्त दिवस टिकते. पावसाने वीस दिवसांची दडी मारली तर हा फरक पिकावर दिसतो.

पण कंपोस्टकडून युरियासारखी जादू मागू नये. एक साधे गणित करा. एक हेक्टर शेताच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण २० लाख किलो असते. तिच्यातला कार्बन ०.१ टक्क्याने वाढवायचा तर २००० किलो कार्बन घालावा लागेल. हेक्टरी ५ टन कंपोस्ट टाकले आणि त्यात किमान मानकाप्रमाणे १२ टक्के कार्बन असला, तर वर्षाला ६०० किलो मिळतो. त्यातलाही काही भाग आपल्या उन्हात जळून जातो. म्हणजे एक दशांश टक्क्यासाठी तीन वर्षांहून जास्त काळ सातत्याने खत द्यावे लागते. म्हणून याला खत म्हणण्यापेक्षा भूसुधारक म्हणणे जास्त बरोबर आहे. त्याची किंमत एका हंगामाच्या उत्पन्नावर ठरवता येत नाही.

वरच्याच उदाहरणातला पाच टनांचा प्रकल्प घेतला तर कुटार वगळून वर्षाला ढोबळमानाने ३०० टन कंपोस्ट हाती येईल. हेक्टरी ५ टनांप्रमाणे ते ६० हेक्टर, म्हणजे सुमारे दीडशे एकरांना पुरेल. एवढी शेते तर गावाच्या शिवारातच मिळतात. खत दूर विकायला न्यायची गरजच नाही. गावाचे उष्टे गावाच्या शेतात गेले की वाहतुकीचा खर्च वाचतो आणि खत वाईट निघाले तर जाब कुणाला विचारायचा, हेही माहीत असते.

बुटीबोरीत जास्त सावध का राहायचे?

बुटीबोरीचा प्रश्न एखाद्या साध्या बाजारगावापेक्षा वेगळा आहे. इथे घरांचा कचरा आणि कारखान्यांचा कचरा एकमेकांच्या शेजारी निर्माण होतो. कारखान्यातल्या कँटीनचे उष्टे अन्न ही टाकीसाठी उत्तम गोष्ट. तिथे भाजी-पोळीशिवाय दुसरे काही नसते. पण त्याच कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रियेतला गाळ, तेलकट चिंध्या, रंगाची धूळ यांचा एक कणही त्यात जाता कामा नये. औद्योगिक सांडपाण्याच्या गाळासाठी घातक कचऱ्याचे वेगळे नियम आहेत. एकाच ठेकेदाराची गाडी दोन्हीकडून माल उचलत असेल, तर ही रेषा पुसली जाण्याची भीती खरी आहे.

जड धातूंचे विशेष असे की ते कुजत नाहीत. शिसे, कॅडमियम, पारा टाकीत जसे जातात तसेच बाहेर येतात. उलट गॅस होऊन कोरड्या भागाचे वजन जवळजवळ निम्मे होते, त्यामुळे उरलेल्या मालात धातूंचे प्रमाण दुपटीच्या आसपास जाते. ढिगात आणखी वजन घटले की ते आणखी वाढते. कचऱ्यात मर्यादेच्या आत असलेला धातू खतात मर्यादेबाहेर जाऊ शकतो, तो असा. घरातून येणारे बॅटरीचे सेल, फुटलेल्या ट्यूबलाइट, रंगाचे डबे हे याचे नेहमीचे स्रोत. रस्ता झाडलेली धूळ आणि नालीतला गाळही ओल्या कचऱ्यात टाकू नये. एकदा मिसळले की चाळणीने प्लास्टिक निघते, धातू निघत नाही.

शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात मर्यादा ठरलेल्या आहेत. एका किलोत शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, आर्सेनिक १० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. कार्बन आणि नत्राचे प्रमाण २० पेक्षा कमी, सामू ६.५ ते ७.५, क्षारता ४ पेक्षा जास्त नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी हेही स्पष्ट केले की धातूंची मर्यादा ओलांडणारे कंपोस्ट खाण्याच्या पिकांना वापरायचे नाही. बायोगॅस प्रकल्पातल्या आंबवलेल्या सेंद्रिय खताला, घन आणि द्रव अशा दोन्ही रूपांत, आता याच आदेशात वेगळे स्थान मिळाले आहे. त्यामुळे 'आमचे खत कंपोस्टच नाही, त्याला मानके लागू नाहीत' ही पळवाट उरलेली नाही.

मर्यादेतले खतही हिशेबानेच टाकावे. किलोला १०० मिलिग्रॅम शिसे असलेले ५ टन कंपोस्ट दरवर्षी टाकले तर हेक्टरमागे वर्षाला अर्धा किलो शिसे मातीत जाते आणि ते तिथेच राहते. वीस वर्षांत दहा किलो. म्हणून खताची तपासणी दर खेपेची आणि मातीची काही वर्षांनी, अशी दोन्ही हवी.

हे काम कोण करणार?

या विषयावर आपल्या तरुणांशी बोलताना एक तीव्र प्रतिक्रिया हमखास येते: कचऱ्याचे काम आपण का करायचे? बाबासाहेबांनी तर गावकीची कामे सोडायला सांगितली. प्रश्न रास्त आहे. १९२७ च्या महाडच्या परिषदेपासून मेलेली जनावरे ओढण्यासारखी कामे झुगारण्याचे आवाहन झाले, कारण ती जन्मावरून लादलेली होती. त्यांना ना धड मोबदला होता, ना सुटका. जातीमुळे कामांची नव्हे, माणसांचीच वाटणी होते, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. आणि त्याच बाबासाहेबांनी मुंबईत महापालिकेच्या सफाई कामगारांचा संघही उभा केला. ज्याला हे काम सोडायचे आहे त्याला सोडता आले पाहिजे आणि जो ते करतो आहे त्याला कामगाराचे सगळे हक्क मिळाले पाहिजेत. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात नाहीत.

नव्या प्रकल्पांत जुनीच उतरंड नव्या नावाने उभी राहते, हा समाजशास्त्राचा साधा अनुभव आहे. कचरा वेगळा करणाऱ्या पट्ट्यावर उभे राहणारे हात ठेकेदारीवरचे आणि ठरावीक वस्त्यांतले. यंत्रचालक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पर्यवेक्षक, खत विकणारा व्यवस्थापक ही पदे दुसऱ्यांकडे. आपल्यातले कितीतरी तरुण बीएस्सी, कृषी पदविका, आयटीआय झालेले आहेत. खताचा दर्जा तपासणे, टाकीचे तापमान आणि सामू सांभाळणे, शेतकऱ्याला मात्रा सांगणे ही कुशल कामे आहेत. त्यांतला वाटा मागितला पाहिजे.

जिवाचा प्रश्न तर पहिला. गॅसच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाक तो ओळखेनासे होते आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. सेप्टिक टँकमध्ये वर्षानुवर्षे जे घडत आले तेच इथेही घडू शकते. सेप्टिक टँक आणि गटारांच्या धोकादायक हाताने सफाईला २०१३ च्या कायद्याने बंदी केली. बायोगॅसची टाकी रिकामी करतानाही तीच दक्षता हवी. यंत्राने गाळ काढणे हा नियम असावा. माणूस उतरणे अटळच असेल तर आधी वायूची तपासणी, हवेचा पुरवठा, कमरेला दोर आणि बाहेर उभा प्रशिक्षित माणूस, याशिवाय झाकण उघडायचे नाही.

वेगळा मार्ग शक्य आहे, हे पुण्याने दाखवले आहे. १९९३ मध्ये तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार केला. कचरा वेचणाऱ्या बाया ओळखपत्र घेऊन, ठरलेल्या शुल्कावर, दारोदार वर्गीकृत कचरा गोळा करू लागल्या. अडचणी त्यांच्याही वाट्याला आल्या, पण ठेकेदाराच्या हाताखालची मजूर आणि संस्थेची सभासद यांतला फरक त्यांनी कमावला.

नगरपरिषदेला विचारायचे प्रश्न

निवेदन देताना मोघम बोलू नये. खालील प्रश्न लेखी द्यावेत, उत्तर नाही आले तर माहिती अधिकारात मागावेत.

१. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा दारातच वेगळा घेतला जातो का? गाडीत तो वेगळाच राहतो का?

२. दिवसाला १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या खानावळी, मंगल कार्यालये आणि कँटीन यांची यादी आहे का? २०१६ च्या नियमांनी त्यांच्यावर वेगळी जबाबदारी टाकली.

३. औद्योगिक वसाहतीत किमान ५ टक्के जागा किंवा पाच भूखंड कचऱ्याच्या पुनर्वापरासाठी राखण्याची तरतूद त्याच नियमांत आली. बुटीबोरी एमआयडीसीत ती जागा कुठे आहे?

४. कारखान्यांतून येणाऱ्या कँटीनच्या कचऱ्याची आणि औद्योगिक गाळाची वाहतूक वेगळ्या गाड्यांनी होते का?

५. स्लरी किती निघते, कुठे साठते, तिचे पाणी कुठे जाते?

६. खताचा धातूंसह तपासणी अहवाल दर खेपेला फलकावर लागतो का? राज्य सरकारची 'हरित महासिटी कंपोस्ट' ही नाममुद्रा मिळाली आहे का?

७. २०१६ मध्ये शहरी कंपोस्टच्या विक्रीसाठी टनामागे १५०० रुपये साहाय्य जाहीर झाले. जून २०२३ मध्ये गॅस प्रकल्पातल्या सेंद्रिय खतासाठीही तेवढेच साहाय्य मंजूर झाले. आपल्या प्रकल्पाने ते मागितले का? मिळाले असेल तर शेतकऱ्याचा भाव आणि कामगाराची मजुरी यांत त्याचा वाटा किती?

८. कामगारांना हातमोजे, बूट, मास्क, विमा आणि वैद्यकीय तपासणी मिळते का? टाकी कोण आणि कशी साफ करते?

विहारापासून सुरुवात

एवढे मोठे प्रश्न विचारायचे तर आपल्या अंगणात काहीतरी दाखवता आले पाहिजे. कौशांबीचा राजा उदयन आणि भन्ते आनंद यांचा संवाद विनयपिटकात आहे. भिक्खूंना इतकी चीवरे कशाला, असे राजाने विचारले. जुन्या चीवराचे पांघरूण होते, मग अंथरूण, मग पायपुसणे आणि शेवटी चिंध्या चिखलात कालवून जमीन लिंपली जाते, असे आनंदांनी उत्तर दिले. राजाचे समाधान झाले. वस्तू कुठून आली एवढेच नव्हे, ती शेवटी कुठे जाते याचाही हिशेब देता येणे, हे त्या संघाच्या शिस्तीत होते.

आपल्या विहारात रोज फुले वाहिली जातात. जयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भोजनदान होते, पत्रावळी आणि उष्ट्याचे ढीग लागतात. यासाठी गॅसची टाकी लागत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी रुजवलेले जाळीदार विटांचे टाके पुरेसे आहे. पाला, उष्टे आणि मातीचे थर देत भरायचे, तीन ते चार महिन्यांत खत तयार.

तयार खताची दोन साध्या पद्धतींनी परीक्षा घेता येते. ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवा. उघडल्यावर कुजका वास आला तर ते कच्चे आहे. दुसरी परीक्षा उगवणीची. एक वाटी खत दहा वाट्या पाण्यात ढवळून गाळा. त्या पाण्याने भिजवलेल्या कागदावर मुळ्याचे वीस दाणे ठेवा आणि साध्या पाण्यावर आणखी वीस. दोन्हीकडे सारखे कोंब आले तर खत पिकले. धातूंसाठी मात्र प्रयोगशाळाच लागते.

पाच-सहा तरुणांनी एका विहारात हे वर्षभर केले, तर नगरपरिषदेच्या सभेत खतावर बोलताना त्यांच्या हातात स्वतःचे खत असेल. त्यांना कच्चे आणि पिकलेले ओळखता येईल. मग चकचकीत सादरीकरण दाखवून त्यांना गप्प करणे सोपे राहणार नाही.